दोनशे सत्तराव्या ओळीवरचा आरोप

मी ब्रेलचा प्रिंटर बोलतोय. बोलणं हा तसा माझा धंदा नाही, ठोकणं हा आहे. मला शाई लागत नाही. जाड कागदावर ठोकून ठिपके उठवायचे आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्या बोटांखाली मजकूर द्यायचा, एवढंच मला येतं. आवाज मात्र असा करतो की शेजारच्या वर्गाचं दार आपोआप लागतं.

कारखान्यातलं बालपण मला फारसं आठवत नाही. माझं खरं आयुष्य गेलं ते या अंध मुलींच्या शाळेत, गणिताच्या वर्गाच्या कोपऱ्यात. गणिताच्या बाई स्वतः अंध. चौदा वर्षांत माझं एकही पान त्यांनी बोट फिरवल्याशिवाय कुणाच्या हाती दिलं नाही. इतक्या बारकाईने मला दुसऱ्या कुणी वाचलेलं नाही.

मग शाळेत नवा संगणक आला. त्याचं कोण कौतुक! त्या पठ्ठ्याने मला ओळखच दाखवली नाही, पण दोष अर्थातच माझ्या माथी. संगणकाच्या सरांनी माझी केबल तीनदा काढून लावली, पाठीत दोन थपडा घातल्या आणि मी कामातून गेल्याचं जाहीर केलं. मुख्याध्यापक लगेच भंगारवाल्याचा नंबर शोधू लागले. सोमवारी वार्षिक परीक्षा होती. ते म्हणाले, पेपर कुणीतरी वाचून दाखवेल, त्यात काय एवढं!

बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, तिसऱ्यांदा वाचा म्हणायला पोरी लाजतात. मग न समजताच उत्तर लिहून मोकळ्या होतात."

शनिवारी बाईंनी भाचीला बोलावलं. ती प्रोग्रॅम लिहिण्याचं काम करते. तिने मला थपडा मारल्या नाहीत, तेव्हाच ती मला आवडली. ती म्हणाली, प्रिंटर ठणठणीत आहे, बिघडलाय तो त्याचा ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि मी, आम्हा दोघांमधला दुभाषा. नव्या संगणकासाठी तो नव्याने तयार करायला हवा होता, आणि ते काम कंपायलर नावाच्या प्रोग्रॅमचं. हे गृहस्थ माणसाने लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवतात आणि खटकलं की अडून बसतात.

ते दोनशे सत्तराव्या ओळीवर अडले. या ओळीत एक नाव आहे, ते कोण ते मला माहीत नाही, अशी त्यांची तक्रार. ओळखीची नावं ज्यात लिहिलेली असतात, त्या नावांच्या फाईलमध्ये भाचीने ते नाव नीट लिहून दिलं. तरी त्याच ओळीवर, त्याच शब्दांत तक्रार. तिने जागा बदलून पाहिली, संगणक बंद करून चालू केला, कपाळ चोळलं. रविवारची दुपार झाली तरी गृहस्थ आपल्या म्हणण्यावर ठाम होते. मी मनात भंगाराच्या गाडीत बसूनही आलो.

शेवटी वैतागून तिने त्या फाईलमध्ये अद्वातद्वा काहीतरी खरडलं. आता तरी नवी तक्रार यायलाच हवी होती. आली ती जुनीच. खरडलेल्याबद्दल कंपायलरने चकार शब्द काढला नाही.

भाची हसायला लागली. "मावशी, दोन दिवस ज्या फाईलला मी मलमपट्टी करतेय, ती हा वाचतच नाहीये."

उलगडा झाला. कशालाही हात लावण्याआधी त्याची एक प्रत काढून ठेवायची, ही संगणकाच्या सरांची शिस्त. नावांच्या फाईलचीही त्यांनी प्रत काढली, कधीतरी कंपायलरला तीच वाचायला सांगितलं आणि विसरून गेले. भाचीने त्याला खऱ्या फाईलकडे वळवलं, खरडलेलं पुसलं, आणि दोन मिनिटांत मी ठोकायला लागलो. बाईंनी पहिल्या पानावरून बोट फिरवलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मला रडू आलं असतं, पण तशी सोय नाही.

भाची ती जुनी प्रत पुसायला निघाली, तेव्हा सर धावत आले. असू दे म्हणाले, आणि सुरक्षिततेसाठी तिची आणखी एक प्रत काढून ठेवली. मुख्याध्यापकांनी सूचना लावली, नव्या संगणकामुळे पेपर वेळेवर छापले गेले म्हणून. माझं मागणं एवढंच की पुन्हा काही अडलं तर आधी कोण काय वाचतंय ते बघा, मग हवं तर थपडा मारा.

परीक्षा माझ्यासमोरच झाली. खिडकीजवळच्या मुलीने चौथ्या प्रश्नावरून बोट फिरवलं, थांबली, पुन्हा फिरवलं. मी मोजलं, सात वेळा. कुणाला विचारावं लागलं नाही, कुणी उसासा टाकला नाही. मग तिने मान डोलावली आणि उत्तर लिहिलं.

उत्तर चुकलं. दुसऱ्या दिवशी पेपर तपासताना बाई खुशीत म्हणाल्या, "चुकलीय खरी, पण ही चूक तिची स्वतःची आहे."