चाखण्याचे चमचे

तापातून उठून कामावर आल्याला तीन आठवडे झाले होते आणि कँटीनच्या मुख्य स्वयंपाकिणीच्या जिभेला काही म्हणता काही कळत नव्हतं. मीठ, लिंबू, साखर, सगळं एकच. तिने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. सांगितली असती तर शेगडी हातची गेली असती. भाज्या, सूप अंदाजाने निभत होतं. मिठाची चिमूट बोटांना पाठ होती.

घोडं अडलं ते फळांपाशी. मॅनेजरने फलकावर ताज्या अननसातली कोंबडी आणि शिजवलेली सफरचंदं लिहून टाकली. साडेबाराला तो स्वतः चाखणार होता. अननसाला अंदाज चालत नाही. एक मधासारखा निघतो, दुसरा दात आंबवतो, आणि साल दोघांची सारखीच.

सव्वाबाराला तिने साखरेचा डबा उघडला, बंद केला, पुन्हा उघडला.

"घाला नाहीतर घालू नका, पण त्या झाकणाचा पिच्छा सोडा," मागून भांडी घासणारी म्हणाली. ती तिची सख्खी भावजय. अकरा वर्षं एका खोलीत काम, आणि दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य.

"तू तुझी भांडी बघ, वहिनी."

"तीच बघतेय. वन्सं, तुम्ही दिवसाला वीस चमचे खरकटे करायचात. चाखलं की नवा चमचा. घासून घासून माझी बोटं झिजली. तीन आठवड्यांत एक आला नाही."

स्वयंपाकिणीचा हात डब्यावरच राहिला.

"मॅनेजरला सांगितलंस?"

"कशाला? माझं घासणं वाचत होतं."

स्वयंपाकिणीने घड्याळाकडे पाहिलं. मग धुतलेला एक चमचा उचलून कोंबडीच्या रश्श्यात बुडवला, फुंकर घातली आणि भावजयीपुढे धरला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच.

भावजयीने चाखलं. तिचा एक डोळा मिटला. "आंबट ढाण! मूठभर साखर लागेल. मीठ बरोबर आहे. ते मेलं तुमचं कधी चुकत नाही."

सफरचंदांसाठी नवा चमचा निघाला. "ही गोडमिट्ट आहेत. लिंबू पिळा." साखर पडली, लिंबू पिळलं, आणि दर वेळी नवा चमचा भावजयीपुढे आला.

साडेबाराला मॅनेजरने दोन्ही चाखलं, "उद्याही ठेवा," म्हणाला आणि गेला.

बेसिनमध्ये नऊ खरकटे चमचे पडले होते.

"चाखायचं मी आणि घासायचंही मीच?" भावजय म्हणाली. "हे नाही चालायचं, वन्सं."

स्वयंपाकिणीने बाह्या वर सारल्या आणि नळ सोडला.