करणसिंगच्या गाडीचं इंजिन

इंजिन फोर-स्ट्रोकच घ्यायचं, बटण दाबलं की सुरू होणारं, हे हेमराजने घरून निघतानाच ठरवून टाकलं होतं. करणसिंगला त्याने तसं सांगितलं नव्हतं. सांगावं असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

दोघं सारंगखेड्याचे, एकाच वर्गातले. शेतातल्या मातीच्या ट्रॅकवर मोटारसायकली उडवायचं वेडही दोघांना बरोबरच लागलं. पुढे हेमराज पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात फिटर झाला. करणसिंगने घरची केळी सांभाळली आणि शर्यती मारल्या. मग एका शर्यतीत उडी चुकली, गाडी अंगावर आली. हाड जुळलं, पण उजवा गुडघा कायमचा ताठ राहिला. तेव्हापासून कुठेही गेलं की हेमराज आधी करणसिंगसाठी खुर्ची शोधायचा.

‘मन्हासाठे एक गाडी बनाव,’ असं करणसिंगच एक दिवस म्हणाला. रस्त्यावरची नव्हे, आपल्याच शेतात फिरवायची. गळीत हंगाम संपल्यावर हेमराजने जुन्या नळ्या जोडून सांगाडा उभा केला. आता इंजिन तेवढं हवं होतं.

शहाद्याबाहेर हिलालची शेड होती. शर्यतीतून निवृत्त झालेल्या गाड्या तो लांबून आणायचा आणि सुट्या करून विकायचा. त्याच्याकडे दोन इंजिनं होती. फोर-स्ट्रोक टेबलावर ठेवलेलं, घासूनपुसून लख्ख. टू-स्ट्रोक अजून त्याच्या मूळ गाडीतच होतं. पुढचं चाक नसलेली ती गाडी लाकडी ठोकळ्यावर टेकवली होती, बाहेरून मातीने माखलेली.

हेमराज थेट टेबलाकडे गेला. त्याने खालचा बोल्ट काढून ऑईल थाळीत उतरवलं, बोटावर घेतलं आणि उजेडात धरलं. ऑईलमध्ये धातूची चकाकणारी बारीक पूड होती. पुन्हा बोट बुडवलं, पुन्हा तीच.

“बेअरिंग खाई ऱ्हायनं,” हिलाल वाकून पाहत म्हणाला. “मी खोलेल नव्हतं भाऊ. आते दिसनं.”

“नवं बेअरिंग टाकू,” हेमराज म्हणाला.

“आन् क्रँक? तो बी खराब व्हयेल ऱ्हाई.”

हे हेमराजलाही कळत होतं. दुसऱ्या कुणासाठी असतं तर त्याने ते इंजिन तिथेच सोडलं असतं. तरी तो बोल्ट घट्ट करत उभा राहिला.

करणसिंग एव्हाना टू-स्ट्रोकजवळ पोचला होता. सायलेन्सर काढून तो मोबाइलच्या उजेडात आत बघत होता. “हेमराज, आठे ये. पिस्टनवर एक रेघ नही.”

हेमराजने पाहिलं. खरंच नव्हती. कॉम्प्रेशनही, म्हणजे आतला दाब, भरपूर निघालं. पण बाजूला किकचा दांडा होता, तोही उजवीकडे.

“चांगलं शे,” तो म्हणाला, “पन तुन्हा कामनं नही. आपू दुसरीकडे देखू.”

“काब्र?”

हेमराजची नजर खाली गेली.

“तू इंजिन देखी ऱ्हायना का मन्हा पाय?” करणसिंगचा आवाज चढला नाही, म्हणूनच तो जास्त लागला. “इतला दिन व्हयनात, तू माले एक डाव तरी इचारं का?”

हिलाल कापडाला हात पुसत बाहेर निघून गेला.

त्या पायामागे आणखी एक गोष्ट दडली होती, ती हेमराजला आत्ता दिसली. टू-स्ट्रोक एकदम उसळतं. करणसिंगने पुन्हा उसळावं असं त्याला वाटतच नव्हतं. शेताच्या कडेने हळू हळू फिरणारी गाडी त्याने मनात केव्हाच बांधली होती, आणि ती करणसिंगची नव्हतीच.

करणसिंगने सायलेन्सर परत बसवला, पेट्रोलचा कॉक उघडला आणि तो गाडीच्या उजव्या अंगाला उभा राहिला. ताठ पाय खांबासारखा रोवला, हँडल धरलं, डावा पाय उचलून किकवर ठेवला. पहिली किक वाया गेली. दुसरीला पाय निसटला, तो कलला. हेमराजचे हात पुढे गेले आणि त्याने ते तिथेच आवरले. मग करणसिंगने किक हळू दाबून तिची पकड शोधली आणि सगळं वजन तिच्यावर टाकलं.

इंजिन पेटलं. पत्र्याची शेड थरथरली. निळसर धुरात करणसिंग घामाघूम उभा होता, हसत नव्हता, नुसता कान देऊन ऐकत होता. हेमराजही ऐकू लागला. आवाज स्वच्छ होता.

इंजिन बंद झाल्यावर हेमराजने विचारलं, “मागला ब्रेक कोठे देऊ?”

“हातमा दे,” करणसिंग लगेच म्हणाला. “पायवर मन्हा भरोसा नही.”

इतके दिवस ही गोष्ट त्याच्यासमोर काढायची हेमराजची हिंमत झाली नव्हती. करणसिंग मात्र सहज बोलून मोकळा झाला होता.

“आन् सीट?”

“खाले घे. उतरताना तरास व्हस.”

“खाले लिधी तं ढेकळंवर इंजिन आपटी.”

“मंग बीचमा ठेव,” करणसिंग म्हणाला, आणि हिलालला हाक मारून त्याने पाना मागून घेतला. दोघं मिळून इंजिनाचे बोल्ट सोडवू लागले.