न उघडणारा रेडिओ

वस्तू बिघडली की आम्हा चेक देशातल्या माणसांना दुःख कमी होतं आणि हातच जास्त शिवशिवतात. ‘सोन्याचे चेक हात’ असं आम्ही आमचंच कौतुक करतो, त्यात थोडी फुशारकी असते. बोहदानाच्या वडिलांच्या, ओताकारांच्या, बाबतीत मात्र ते अगदी खरं होतं. आळीतल्या सगळ्या इस्त्र्या न् घड्याळं त्यांच्याच टेबलावर यायची.

बोहदाना कारखान्यात छोट्या रेडिओंचे आराखडे करायची. बॅटरी बदलता यावी म्हणून तिने स्क्रूचं झाकण ठेवलं होतं. तिचे साहेब कुबिचेक म्हणाले, “झाकण उडव. बॅटरी चिकटवून टाक, स्वस्त पडतं.”

“अहो, मग बॅटरी मेली की अख्खा रेडिओ कचऱ्यात!”

“नवा घेतील की! तू कचऱ्याची काळजी करत बस, म्हणजे काम दुसरीकडे जाईल आणि आपण सगळे घरी.”

पोटापुढे शहाणपण चालत नाही. तिने झाकण उडवलं, आणि तिला स्वतःची लाज वाटली. घरी ती काही बोलली नाही.

दोन वर्षांनी शेजारच्या रूझेनाबाई तोच रेडिओ घेऊन ओताकारांकडे आल्या. “चार्जच होत नाही मेला!” ओताकारांनी उलटसुलट करून स्क्रू शोधला, एकही सापडेना. शेवटी सुरीने कवच फोडून ते चिकटलेली बॅटरी खरवडू लागले. ती फाटली आणि हातातच भडकली.

बोहदाना इस्पितळात पोचली तेव्हा त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत पट्ट्यांत होता. बोटं आता पूर्वीसारखी वळणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं.

“फार दुखतंय का, बाबा?”

“दुखू दे गं. एवढासा रेडिओ, आणि मला उघडता आला नाही! करणाऱ्याने काहीतरी सोय ठेवलीच असेल. मलाच दिसली नाही. आता टेबलावरचं ज्याचं त्याला देऊन टाक.”

तिला रडू आवरेना. “सोय नव्हतीच, बाबा. तो रेडिओ मी केलाय. स्वस्त पडावा म्हणून चिकटवला. बिघडला की फेकायचा, उघडायचा नाही.”

“फेकायचा? नुसत्या बॅटरीपायी?” ओताकार तिच्याकडे बघत राहिले. त्यांना खरंच काही कळेना. “अगं, असं कोण करतं?”