पाताळज्योतीचा कौल

"बघा, बघा! पाताळ जागं झालं!" पाताळनाथ महाराज ओरडले, आणि जांबोटी-कणकुंबी रस्त्यावरच्या त्या वाडीतल्या दीडशे माणसांनी एकदम हात जोडले.

जांभळीच्या बुंध्याशी, जमिनीतून केसाएवढा धागा वर आलेला. ना तेल, ना वात, ना बॅटरी. तरी त्याच्या टोकावर लाल ठिणगी! फुंकर घातली तरी विझेना, पाणी ओतलं तरी विझेना. बायांनी धडाधड नारळ वाढवले. नागोजीआप्पांनी तर धोतर सावरत लोटांगणच घातलं.

गर्दीत पूर्णिमाही होती, आणि खरं सांगायचं तर तिच्याही अंगावर काटा आला. जांबोटीच्या इंटरनेट स्टेशनवर काम करणारी, डिप्लोमा झालेली पोरगी. पण दीडशे माणसं एका दमात "अबाबा!" म्हणाली की डिप्लोमा कुठल्या कुठं जातो!

आज ती रजा टाकून जयाबाई आत्तीला न्यायला आली होती. आत्तीचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं भरलेले. उद्या बेळगावात ऑपरेशन, आज दुपारपर्यंत दाखल व्हायचं. दोनदा तारीख चुकलेली. "आता लांबवलंत तर दिसायचं ते कायमचं जाईल," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. रस्त्यावर गाडी उभी, आणि आत्तीचं एकच पालुपद : "आधी कौल घीन, मगच येईन."

ज्योत स्थिर राहिली तर होकार, लुकलुकली तर नकार. महाराजांनी डोळे फिरवले, जटा झटकल्या. "खाली सात, वर सात, मधी धरलाय माझा हात! बोल पाताळा, जयाबाईच्या डोळ्याला सुरी लावायची काय?"

ज्योत लुकलुकायला लागली.

"नकार!" महाराज गरजले. "सुरी कशाला? रोज ह्या ज्योतीला डोळा लाव. मोतीबिंदू मेणावानी वितळंल!" आत्ती भाबडेपणानं वाकली आणि डोळा ठिणगीपाशी नेला.

लुक... लुक... लुक. पूर्णिमाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही लुकलुक तिच्या रोजच्या ओळखीची होती!

आठ दिवसांपूर्वी जांबोटी ते कणकुंबी इंटरनेट नेणाऱ्या काचेच्या तारेची जोडणी तपासताना उजेड पलीकडं पोचेना. तार वाटेत कुठंतरी तुटलेली. अशा वेळी स्टेशनवरून तारेत लाल उजेडाचं पेन लावतात. तार तुटली असेल तिथं तो उजेड बाहेर पडतो, आणि रस्त्यानं शोधत चाललेल्या माणसाला जागा सापडते. शोधणारा माणूस म्हणजे लाइनमन रवळू. रोज अकराला त्याचा फोन यायचा. "मॅडम, लावा पेन." मग, "आता लुकलुकतं ठेवा, उन्हात दिसंना." आणि शेवटी, "आज काय घावलं न्हाय. उद्या बघतो."

तिनं मान वळवली. जांभळीच्या मागं कानाला फोन लावून, तोंडावर हात धरून रवळू उभा!

"अगं आई गं," पूर्णिमा पुटपुटली, "म्हणजे आठ दिवस देव मीच होते की!" तिला हसू फुटलं. पण लगेच आठवलं, ह्याच कौलानं नागोजीआप्पांच्या लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. तिनं पुढं होऊन आत्तीला मागं ओढलं.

"आत्ती, डोळा काढ तिथनं! त्या उजेडात बघायचं नसतंय, पेनावरच लिवलेलं असतंय!"

"कोण गं तू, पाताळाच्या आड येणारी?" महाराज खवळले.

"माझ्याकडंबी एक मंत्र हाय, महाराज." तिनं स्टेशनवर आज तिच्या जागी बसलेल्या सौरवला फोन लावला आणि आवाज मोठा केला. "सौरव, रवळूचं ऐकू नको, माझं ऐक. बंद कर."

ज्योत गप्प.

"लाव." पेटली. "लुकलुक." लुकलुकली.

"काय चाललंय मॅडम?" फोनमधून सौरव वैतागला. "एका हातात भजी हाय माझ्या!"

मग नागोजीआप्पा ओरडले, "आयला! देव भजी खातोय व्हय रं!" आणि हशाचा नुसता धबधबा फुटला. आप्पांनी फोनच हिसकावला. "बंद!" बंद. "लाव!" लागली. मग काय, बाया सरसावल्या. "लाव रं!" "बंद रं!" "माझ्या नावानं एकदा लुकलुक!" सौरव बिचारा घामाघूम.

"थोतांड!" महाराजांनी शेवटचा पत्ता टाकला. "तार तुटली असती तर तुमचे फोन चालले असते काय?"

लोक चपापले. मुद्दा बिनतोड होता.

"आप्पा," पूर्णिमानं विचारलं, "खालचा पूल पडला तर दुधाची गाडी येत न्हाय काय?"

"येती की. वरच्या अंगानं वळसा घालून."

"तसंच हाय हे. आमची स्टेशनं गोल कड्यात जोडल्यात. एका अंगानं तुटलं की बोलणं दुसऱ्या अंगानं फिरून येतंय. म्हणून तुम्हास्नी कळलं न्हाय. साहेबबी म्हणाले, चालतंय की, घाई काय!"

रवळू सटकत होता. दोघांनी गचांडी धरल्यावर रडकुंडीला आला. "दाजी सांगितले म्हून केलो हो!" दाजी म्हणजे हेच पाताळनाथ. खरं नाव मष्णू, ही केबल पुरताना चर खणायला आलेला. तार कुठून जाते नि उजेड कधी येतो, त्याला सगळं ठाऊक; जांभळीपाशी तार तोडून टोक वर काढलेलं त्यानंच. एव्हाना पाताळनाथ पाताळात न शिरता, जटा काखेत मारून बांधावरून पळत सुटले होते.

"आणि माझ्या लेकीचं लगीन?" नागोजीआप्पांचा आवाज खाली आला.

"ते बटण मीच दाबलेलं, आप्पा. माफ करा. पाव्हण्यांकडं जाऊया, मी येते संगं." मग तिनं सगळ्यांकडं बघून सांगितलं, "आपल्याला कळलं न्हाय म्हणून ते देवाचं होत न्हाय. विचारा. बंद करून बघा, परत लावून बघा. आणि जो विचारू देत न्हाय, त्याच्या हाती आपला डोळा न्हाईतर पोरीचं लगीन देऊ नका."

आत्तीनं पूर्णिमाचा हात धरला. "म्हंजे माझ्या डोळ्याला नको म्हणालं, ते त्या रवळ्याच्या सांगण्यावरनं?"

"व्हय आत्ती."

आत्तीनं पदर खोचला, पिशवी उचलली. "मग उभी काय ऱ्हायलीस? चल गाडीत! पट्टी सुटली की पयलं त्या मष्ण्याचं तोंड नीट बघणार हाय मी. आजवर नुसतं धुरकटच दिसलंय."