ओटा बंद झाल्यावर

आमोदने तिसऱ्यांदा तोच कोड चालवून पाहिला आणि तिसऱ्यांदा पडद्यावर तेच उत्तर उमटलं : परवानगी नाही. त्याने चहाचा कप उचलला, न पिताच खाली ठेवला आणि खुर्चीत रेलून छताकडे बघत राहिला.

"काय झालं?" ऋचाने स्वयंपाकघरातून विचारलं.

"दार लावलं त्यांनी. बाहेरच्या सगळ्या ॲपना. कायमचं."

'ते' म्हणजे ती मोठी कंपनी, जिच्या सोशल मीडियावर अर्धं शहर दिवसभर पडीक असे. आमोद पुण्यात, कोथरूडमधल्या एका कचेरीत नोकरी करी. सहा वर्षांपूर्वी कंपनीच्या ॲपमधल्या जाहिरातींना वैतागून त्याने स्वतःचं एक छोटं ॲप लिहिलं आणि त्याला नाव दिलं 'ओटा'. माणसं आणि मजकूर कंपनीचाच, मांडणी मात्र आमोदची. जाहिराती नाहीत, अक्षरं मोठी, आणि लोक ज्या क्रमाने लिहितील त्याच क्रमाने ते वाचायला मिळे. तेही फुकट.

मग सुरू झालं ते न संपणारं काम. कंपनी दर दोन-तीन महिन्यांनी आतलं काहीतरी बदले आणि ओटा कोसळे. मोबाइलवर फोटो दिसेनासे होत. ते दुरुस्त करावं तर संगणकावर एकच पोस्ट चारदा उमटे. मेव्हण्याच्या लग्नात आमोद अक्षता हातात घेऊन लॅपटॉपसमोर बसला होता, हे ऋचा अजून सांगते. वापरणाऱ्यांची पत्रंही अस्सल पुणेरी. 'आपले ॲप मंगळवारी चालले. सवडीने पुन्हा चालवावे.'

आता वाईट वाटायला हवं होतं. आमोदने वाट पाहिली. वाटलं मात्र वेगळंच. मुक्कामाला आलेला आणि सहा वर्षं न हललेला पाहुणा आपणहून बॅग उचलून जिना उतरावा, तसं. खांद्यांमधलं काहीतरी सैल झालं. त्याने थंड झालेला चहा एका घोटात संपवला.

"सर्जेरावांना कोण सांगणार?" ऋचा दारात येऊन म्हणाली.

कप हातातच राहिला.

सर्जेराव धायरीचे. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. फोनवरची अक्षरं त्यांना फोनच वाचून दाखवी, पण कंपनीच्या ॲपमध्ये तो आवाज नुसता 'बटण, बटण, बटण' एवढंच बोले. कुठलं बटण कशाचं, ते सांगत नसे. चार वर्षांपूर्वी त्यांनी कुठून तरी आमोदचा नंबर मिळवून फोन केला होता. "साहेब, तुमच्या ओट्यावर बटणाला नाव द्या की." आमोदने एका शनिवारी-रविवारी बसून एकेका बटणाला नाव दिलं. तेव्हापासून दर पंधरवड्याला सर्जेरावांचा फोन ठरलेला. अमुक वाचत न्हाय, तमुक दोनदा वाचतंय. गेलं वर्षभर ओटा बंद करायचं मनात आलं की आमोदला त्यांचाच आवाज ऐकू येई, आणि तो पुन्हा दुरुस्तीला बसे.

"फोनवर नको," तो म्हणाला. "जाऊनच येतो."

सिंहगड रस्त्याने दुचाकी चालवताना त्याने वाक्यं जुळवून पाहिली. काका, माफ करा. काका, माझ्या हातात काही नव्हतं. एकही धड जमेना.

सर्जेरावांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार सुनेने, तनुजाने उघडलं. गॅलरीत खुर्ची टाकून सर्जेराव बसले होते. पांढरी टोपी, मांडीवर फोन. नाव ऐकताच ते उठायला लागले.

"साहेब, आपण? एवढ्या लांब?"

"बसा काका. एक वाईट बातमी आहे." आमोद उभाच राहिला. "ओटा बंद पडला. या वेळी दुरुस्त होणार नाही. कंपनीनेच बंद केला."

सर्जेरावांचा अंगठा फोनच्या कडेवरून फिरत राहिला. तेवढ्यात फोन आपणहून बोलला, "नवीन प्रतिसाद. दत्तोबा यांनी लिहिलं आहे. उत्तर द्या, बटण."

आमोदने मान वर केली. ओटा तर बंद होता. आणि हे शब्द त्याने दिलेले नव्हते.

सर्जेरावांनी घाईने फोनवर तळवा ठेवला. तनुजा चहाचा ट्रे घेऊन तिथेच थांबली.

"मामा, आता सांगून टाका," ती म्हणाली. मग आमोदकडे वळली. "दिवाळीपासून कंपनीचंच ॲप वापरतायत. सुधारलंय ते. सगळी बटणं नीट बोलतात आता."

"दिवाळीपासून?" आमोद हळूहळू खुर्चीवर टेकला. "पण काका, तुमचे फोन तर येत होते."

"रोज सकाळी ओटा उघडून बघायचो की. कुठं अडलं का, काय न्हाय." सर्जेराव खाली मान घालून म्हणाले. "तुमी सुट्टीच्या दिवशी बसून माझ्यासाठी करायचा. आन मी गुमान दुसरीकडं जायचं? बरं दिसतं का ते?"

"गेल्या आठवड्यात तुम्ही म्हणालात, फोटोखालची ओळ अर्धीच वाचतंय."

सर्जेरावांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा डोक्यावर चढवली.

"ते तसं काय नव्हतं. चूक सापडंना कुठली. पंधरा दीस झालेले. फोन न्हाय केला तर तुमास्नी वाटंल, म्हातारा विसरला."

आमोद त्यांच्याकडे बघत राहिला. ती चूक शोधायला त्याने दोन दिवसांची रजा काढली होती.

"मलाही नाही सापडली ती," तो म्हणाला. "शेवटी तसंच कळवलं, दुरुस्त केलंय म्हणून."

"आन मी म्हणलं, आता झ्याक चालतंय!"

आधी हसली ती तनुजा. मग सर्जेराव, खांदे हलवत, आवाज न करता. आमोदला हसू इतकं अनावर झालं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. ते पुसून झाल्यावरही तो थोडा वेळ चष्मा हातातच धरून बसला.

चहा झाला. खालून भाजीवाल्याची आरोळी आली. आमोद उठला नाही. आज त्याला घरी जाऊन काही दुरुस्त करायचं नव्हतं.

"तुमी वाचता का न्हाय कधी, मी लिवतो ते?" सर्जेरावांनी विचारलं.

सर्जेरावांची पोस्ट गेली की नाही, दोनदा तर गेली नाही ना, लांब म्हणून मध्येच तुटली का, हे सगळं आमोदने चार वर्षं पाहिलं होतं.

"नाही काका," तो म्हणाला. "नुसतं चालतंय का, तेवढं बघायचो."

"शेतांची नावं लिवतो. या शिवारात प्रत्येक तुकड्याला नाव हुतं. आता इमारती झाल्या. पोरांना ठावं न्हाय. ज्याला आठवंल तो खाली भर घालतो. हे दत्तोबा तेच करत्यात. दोनशे अकरा नावं झाली."

"सांगाल मला?"

"समदी?"

"सगळी. वेळ आहे मला."

सर्जेराव खुर्चीत सरसावून बसले. फोन त्यांनी तनुजाच्या हातात दिला.

"मग इथनंच सुरू करू," ते म्हणाले. "तुमी बसलाय न्हवं, ती थोरली पट्टी. हितं हरभरा असायचा."

आमोदने खाली फरशीकडे पाहिलं आणि नकळत पाय जवळ घेतले.