कच्च्या टाक्यांवरचा कोट

टेलरबाईंच्या दुकानातला कॉम्प्युटर आठवडाभर बंद म्हणून झालेला नव्हता.

मागच्या रविवारी लेक आली होती, ती एक पेनड्राइव्ह लावून देऊन गेली. जुना कॉम्प्युटर सुरू होईस्तोवर चहा निवायचा. म्हणून तिने कॉम्प्युटर चालवणारी लिनक्स नावाची नवी प्रणाली आणली, फुकटची आणि सगळ्यांना खुली. जाताना बजावलंही, "आई, आधी नुसतं वापरून बघ. आवडलं तर 'इन्स्टॉल' दाब. पण तोवर हे पेनड्राइव्हवरूनच चालतंय, बंद केलंस ना, तर केलेलं सगळं जाईल हं."

बाईंचा जन्म गेलेला कच्च्या टाक्यांत. कपडा अंगावर चढवावा, पुढून बघावा, मागून बघावा, मगच पक्की शिलाई घालावी. "आधी अंगाला बसू दे," म्हणाल्या आणि वापरून बघतच राहिल्या. अक्षरं मोठी केली, मागे निळा रंग दिला, बंद करायचं नाव नाही.

"अगं, त्याला झोप नको का?" इस्त्रीच्या टेबलावरून नवरा विचारी.

"तुम्ही घेता ना त्याच्या वाटची."

दुकानात कात्री बायकोची, इस्त्री नवऱ्याची.

लेक निघाली होती दूरच्या गावी, थंडीच्या गावी, नोकरीला. उद्या भेटायला येणार, परवा जाणार. तिला न कळवता बाई कोट शिवणार होत्या. मापं चोरून घेतली होती: कुशीत घेता घेता पाठ, कॉलर सारखी करता करता गळा. ती तशीच कॉम्प्युटरवर मांडून त्यांनी कोटाचा नमुना रेखला होता. आज तो छापायचा, कापड बेतायचं, रात्रीपर्यंत कोट उभा करायचा.

कात्री लावण्याआधी लोकरीचं कापड वाफेवर दाबून घ्यायचं असतं. नवऱ्याने एक प्लग उपसला आणि त्या जागी इस्त्रीचा लावला.

पडदा काळा झाला.

बाईंच्या हातातली बटणं टेबलावर सांडली. "अहो, काय केलंत!"

"मला वाटलं, पंख्याचा..." नवऱ्याने घाईने प्लग उचलला. "लावतो परत. येईल ना गं?"

लावला. इस्त्रीचा पंख्याच्या जागी घातला. कॉम्प्युटर जागा झाला तो ओळखदेख नसल्यासारखा. निळा रंग नाही, मोठी अक्षरं नाहीत, कोट नाही. वापरून पाहणार की इन्स्टॉल करणार, एवढंच विचारत होता.

"आपल्या चिमणीला फोन करू?" नवऱ्याने विचारलं.

"आणि काय सांगू? तुझा कोट शिवते आहे, कुणाला सांगू नकोस?" बाईंनी पदराने डोळे पुसून 'इन्स्टॉल' दाबलं. डिस्कवरचं सगळं पुसू का, असं त्याने विचारलं. जुनं सगळं लेकीने आधीच काढून ठेवलं होतं. "पूस बाबा. बघणं पुरे झालं."

पडद्यावरची पट्टी हळूहळू सरकू लागली. बाई कागद घेऊन आठवू लागल्या. पाठ आठवली, गळा आठवला. "खांदा किती होता हो तिचा?"

नवऱ्याने इस्त्री उभी केली. दोन्ही हात रिकाम्या टेबलावर पसरले, जणू सदराच पुढ्यात होता. शाळेच्या पहिल्या सदऱ्यापासून तिचे कपडे त्यांनीच दाबलेले. हात एका जागी थांबले. "एवढा. टेप लाव. आणि उजवा डाव्यापेक्षा बोटभर खाली. दप्तराने उतरलाय. त्या बाजूला कायम चुणी पडते."

बाईंनी टेप लावला. बघतच राहिल्या.

"हे मला माहीतच नव्हतं. आधीच्या नमुन्यात दोन्ही खांदे सारखेच धरले होते मी."

"म्हणजे तो कोट बसलाच नस..."

बाईंनी नुसतं वर पाहिलं. नवऱ्याने उरलेलं वाक्य गिळलं, पाण्याचा फवारा उचलला आणि मुकाट्याने कापड दाबायला घेतलं.