नातालीनच्या घरी फादर

फाल्गुनाचं ऊन काजूच्या डोंगरावरून उतरत होतं. ताम्र, तप्त, तेजाळ. पिकल्या बोंडूंचा आंबूस गंध वाऱ्याला लगडला होता, आणि अंगणातल्या पांढऱ्या क्रुसाची सावली आखडून त्याच्याच पायाशी निजली होती. अशा निःशब्द माध्यान्ही फादर सेबास्तियन लोबो चढण चढून आईच्या दारात उभा राहिला.

त्याला तिला एकच गोष्ट सांगायची होती. आता हे आपल्याला झेपत नाही. हा झगा उतरवावा असं वाटतं. वाटभर त्याने ते वाक्य तोंडात घोळवलं होतं.

पाऊल ओळखून नातालीन चुलीपासून लगबगीने उठली. डोईवर पदर ओढला, कुरकुरणारे गुडघे न जुमानता वाकली आणि पोटच्या पोराच्या हाताचं चुंबन घेतलं.

"येवा, फादर."

झालं! ओठांवर आलेलं वाक्य परत पोटात गेलं.

दीक्षेच्या दिवसापासून तिच्या मुखातलं त्याचं घरचं नाव, बस्त्याव, नाहीसं झालं होतं. भाऊ फादर म्हणत, भावजय फादर म्हणे, शेजारीपाजारी फादर म्हणत. म्हणोत बापडे! पण आईनेही म्हणावं?

सेमिनरीने त्याला वर्षानुवर्षं घडवलं होतं. तत्त्वज्ञान शिकवलं, लॅटिन शिकवलं, मरणाऱ्याच्या उशाशी धीरगंभीर कसं बसावं तेही शिकवलं. स्वतःचं मन उसवलं तर कुणापाशी बसावं, ते मात्र कुणी शिकवलं नाही. आणि मग ज्या शहरात धाडलं, त्या शहराला हवा होता हॉलचं बुकिंग घेणारा कारकून, पार्किंगच्या भांडणातला पंच, शाळाप्रवेशाचा वशिला. प्रवचन चालू असताना माणसं मोबाईलच्या निळ्या उजेडात बुडालेली असत. तिथे तो कुणीच नव्हता. इथे तो थेट देवाच्या पंक्तीतला. साध्या माणसासारखं टेकायला जागा कुठेच नव्हती, आणि याचीच त्याला भयंकर चीड येत होती.

तो स्वयंपाकघरात शिरला, चुलीपाशी फतकल घालू लागला. "आये, हंयच बसतंय. पेज घाल माका."

"हंय धूर आसा, फादर. भायर बसा."

बाहेर टेबल सजलं होतं. टेबलावर इस्त्रीचं शुभ्र कापड, कापडावर पाहुण्यांसाठी राखलेलं निळ्या फुलांचं काचेचं ताट. तो बसला. ती मात्र उभीच. विंझण्याने वारा घालत, नतनयना, विनम्र, परकी.

"तू बस गो आये."

"फादर जेवल्याबगर कशी बसतलंय?"

त्याने घास खाली ठेवला. "आये, माका तुका एक सांगूचा आसा."

"सांगा, फादर." तिने विंझणा ठेवला आणि हात जोडले.

जोडलेल्या हातांना काय सांगणार? त्याच्या आत काहीतरी तडकलं.

"फादर फादर करू नको! तुझो झील आसंय मी!" त्याने ताट भिरकावलं. निळी फुलं लादीवर फुटली, भाताची शितं उंबऱ्यापर्यंत उडाली.

"बस्त्यावा!" नातालीन कडाडली. "मेल्या, अन्नार राग काढतंस? ल्हान होतंस तेव्हापासून असोच तापट! ऊठ, गोळा कर आधी ते तुकडे!"

बस्त्यावा! ऊन लखलखलं, घर लखलखलं. किती वर्षांनी कुणीतरी त्याच्यावर हक्काने ओरडलं होतं! तो लादीवर बसला, आज्ञाधारक, आनंदित, अश्रुपूर्ण. तुकडे वेचू लागला. आता सांगता येईल. आता नक्की सांगता येईल.

"आये," त्याने मान वर केली, "माका..."

पण नातालीनची नजर त्याच्या तळहातावर खिळली होती. काचेने कापलं होतं, लाल रेघ उमटत होती. त्याच हातावर दीक्षेच्या दिवशी बिशपांनी पवित्र तेल लावलं होतं.

तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"ह्या हातांका मी काच उचलूक सांगितलंय! चुकलंय, फादर. माका माफ करा."

पदर सावरून ती गुडघ्यांवर आली, पापभीरू, आणि तिने मस्तक पुढे केलं.

ती उठेना. अखेर त्याने कापलेला हात तिच्या रुपेरी केसांवर ठेवला. आईने तृप्तीने डोळे मिटले. आणि मुलगा तिच्या डोक्यावरून समोरच्या उन्हाकडे पाहत आशीर्वादाचे शब्द म्हणू लागला. एकेक शब्द. सावकाश. बिनचूक.